गोचीडतापातून गाय वाचवताना

मृग नुकता लागला होता. आमच्या जर्सीनं तणसाला तोंड लावलं नाही. कान तापलेला. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला तर १०६ ताप, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली. कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन तपासला. थायलेरिया हा जंतू निघाला, म्हणजे गोचीडताप.

त्यावरचं बुपारव्हाक्वोनचं इंजेक्शन मानेत दिलं, २० किलो वजनाला १ मिली या हिशेबानं. तिसऱ्या दिवशी तिनं कुटारात तोंड घातलं, तेव्हा कुठं माझ्या घशाखाली घास उतरला.

आमचं शेत ताडोबाच्या कडेला. रात्री चितळांचे कळप धुऱ्यावर चरतात. मी म्हटलं, "साहेब, हे चितळांनीच आणलं." ते म्हणाले, "भाऊ, आधी गोठ्याची भिंत दाखवा." टॉर्च मारला आणि अंगावर काटा आला. मातीच्या भेगांमध्ये गोचीड दाटीवाटीनं बसले होते.

हा ताप पसरवणारा गोचीड, हायलोमा, लहानपणी आजारी जनावराचं रक्त पितो, भेगेत कात टाकतो आणि मोठा झाला की दुसऱ्या जनावराला चावतो. गावरान जनावरं हा रोग बऱ्याचदा सोसतात, संकरित गाय मात्र पटकन कोसळते. शिवाय बरी झालेली गायही रोगाचे जंतू बाळगून राहते. म्हणून गोचीड मारायचं औषध एकट्या तिला नाही, गोठ्यातल्या सगळ्या जनावरांना एकाच दिवशी लावलं. पुन्हा वीस दिवसांनी. त्या दिवसांतलं दूध डेअरीला घातलं नाही. भेगा सिमेंटनं बुजवल्या, भिंतीला चुना दिला. पाठ मोडली, पण हेच काम सगळ्यात गरजेचं होतं.

चितळांचा संबंध नाही असंही नाही. दुसऱ्या जातीचा गोचीड पिल्लापासून मोठा होईपर्यंत एकाच जनावराच्या अंगावर राहतो, मग ते चितळ असो की गाय. रक्त पिऊन टम्म झालेली मादी गवतात गळते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. पिल्लं गवताच्या शेंड्यावर चढून पुढच्या जनावराची वाट बघतात. लाल लघवीचा रोग पसरवतो तो हाच, आणि त्याचे जंतू मादीच्या अंड्यांतून पिल्लांत उतरतात.

त्यामुळं आता जंगलाकडच्या धुऱ्यावर गाय सोडत नाही. तिथलं गवत बुडापासून कापतो. चितळं येतात, त्यांना मी हाकलत नाही. संध्याकाळी धार काढण्याआधी मात्र कानामागं, गळ्याच्या पोळीखाली, कासेच्या बेचक्यात हात फिरवतो. काल कालवडीच्या शेपटीखाली दोन सापडले.