शिसवी फिंगरबोर्डवर तासगावची वेल : इपॉक्सीचं काम उरकलं

माझ्या गिटारच्या फिंगरबोर्डवर, म्हणजे मानेवर जिथे बोटांनी तारा दाबतात त्या पट्टीवर, वेल उतरली एकदाची. कोरून झालं, इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवून घट्ट होणारी) ओतून झालं, १२ इंची रेडियस, म्हणजे पट्टीचा आडवा गोलावाही आला. आता फ्रेट, म्हणजे पट्टीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, तेवढ्या राहिल्यात.

फ्रेट ओळखायला लावतात ते ठिपके लावायचे नाहीत, हे शिसवीची पट्टी घेतानाच ठरलं होतं. सांगलीत बसून गिटार करायची आणि तिच्यावर पुन्हा तेच शिंपल्याचे गोल ठिपके, ते कशाला? म्हणून इथल्या तासगावची द्राक्षवेल. स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, ६४८ मिमी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये ३२ मिमी जागा मिळते, अकराव्या-बाराव्यात १९, आणि सोळाव्या-सतराव्यात जेमतेम १४. ठिपके तेवढेच ठेवले तर वरच्या अंगाला दाटी होते. वेलीची पानं मात्र शेंड्याकडे लहान होतच जातात, त्यामुळे डिझाइन आपोआप बसलं. बाराव्याला घड, बाकी ठिकाणी पानं, आणि मधून फ्रेटच्या रेघा ओलांडत जाणारे वेलीचे बाक.

कोरायच्या आधी एक हिशेब करून घ्या. मी पट्टी सपाट असतानाच कोरली आणि सपाट असतानाच भरली, कारण रेडियस आधी दिला तर पातळ इपॉक्सी कडेकडे ओघळते. पण मग रेडियस देताना कडेचं लाकूड जास्त जातं. ५२ मिमी रुंदीला १२ इंची रेडियस म्हणजे मधल्यापेक्षा कडेला १.१ मिमी कमी. तिथलं पान एक मिमी खोल कोरलं असेल तर घासताना ते पुसूनच जाणार. मधे दीड मिमी, कडेला अडीच, असं धरून मिनी ड्रिल चालवलं. पट्टी साडेसहा मिमीची असल्याने खाली पुरेसं लाकूड उरतं. पानांचे कोपरे मात्र पटाशीनेच साफ केले, मशीनचा बिट गोल तो गोलच.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका चाचांना कोरलेली पट्टी दाखवली. सतारीवर पांढऱ्या सेल्युलॉइडमध्ये नक्षी कोरून रेघांत काळा रंग भरायचं काम त्यांच्या हाताखालून वर्षानुवर्षं गेलेलं. त्यांनी पट्टी उजेडात तिरकी धरली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "रंग भरायच्या आधी लाखेचा हात दे. ह्या लाकडाची भोकं उघडी हायत, रंग आत पळतोय बघ." बरोबरच होतं. शिसवीच्या रंध्रांतून रंगीत इपॉक्सी झिरपली की पानाच्या कडेला दाढीसारखे केस फुटतात, आणि ते घासून जात नाहीत. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बारीक ब्रशने प्रत्येक खाचेत दोन हात दिले, मगच ओतलं.

आता रंगाचं. घरात राजापुरी हळद असताना पिवळा रंग विकत कशाला आणायचा, असं आईचं म्हणणं. शिल्लक तुकड्यावर करून पाहिलं. रेझिनमध्ये हळद झकास सोनेरी दिसली, हार्डनर पडला आणि लालसर तपकिरी झाली. आई म्हणाली, "अरे, हे तर कुंकू झालं!" तेच झालं होतं. हार्डनरमध्ये अमाइन असतं, ते अल्कधर्मी, आणि हळदीला चुना लावला काय नि हार्डनर लावला काय, ती लालच होते. शिवाय हळदीचा रंग उन्हात उडतो. गेरू मात्र लोहाचा ऑक्साइड, तो कुठे जात नाही. पानांच्या शिरांना आणि बाकांना गेरू घातला. पानं आणि घड पितळेच्या किसाचे केले. कीस कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून फुकट मिळाला.

पितळ जड असतं. इपॉक्सीत कालवून ओतलं तर कीस तळाला बसतो आणि वर नुसता पारदर्शक थर राहतो, जो घासायला गेलं की चमक कुठेच नाही. म्हणून आधी खाचेत कीस कोरडाच काठोकाठ दाबून भरायचा आणि वरून इपॉक्सी थेंबाथेंबाने सोडायची. ट्यूब आधी कोमट पाण्यात ठेवल्या की ती पातळ होते आणि किसात उतरते. पाच मिनिटांत घट्ट होणारी इथे चालत नाही, बुडबुडे वर यायच्या आत ती आवळते. साधी सावकाश घेणारी घ्या. अरल्डाइटसारखी असेल तर मापाने १:१, पण काट्यावर तोलणार असाल तर १०० रेझिनला ८० हार्डनर. ही गल्लत झाली की चिकटपणा महिनोन्महिने जात नाही. खाचेच्या काठावर थोडी फुगीर राहील एवढी ओतायची, वरून हेअर ड्रायरचा हलका झोत मारायचा.

पावसाळी हवेत घट्ट झालेल्या इपॉक्सीवर तेलकट पापुद्रा येतो. तो आधी ओल्या फडक्याने पुसायचा, नाहीतर पॉलिश पेपर लगेच भरतो. मग रेडियस ब्लॉकवर, म्हणजे त्याच गोलाव्याच्या ठोकळ्यावर, ८०, १२०, २२०, ४०० नंबरचे पेपर. सावकाश घासायचं, गरम झाली की इपॉक्सी मऊ पडते. बोटाने मात्र घासू नका, लाकूड आणि इपॉक्सी सारखी झिजत नाहीत, हाताला खड्डा लागतो. आणि मास्क लावा, कच्ची इपॉक्सी असेल तर हातमोजेही. तिची अॅलर्जी एकदा लागली की छंदच सोडावा लागतो.

फ्रेटच्या खाचा मी ओतल्यानंतर आठवडाभराने मारल्या, इपॉक्सी पूर्ण पिकल्यावर. अर्धवट पिकलेली करवतीला चिकटते. जिथे बाक फ्रेट ओलांडतात तिथे एक अडचण आहे. लाकूड थोडं दबून फ्रेटचे दात धरून ठेवतं, इपॉक्सी दबत नाही, तडकते. तेवढ्याच भागात खाच कणभर रुंद करून शिल्लक तुकड्यावर एक फ्रेट ठोकून पाहिला. तडा गेला नाही आणि फ्रेट हललाही नाही. पट्टीवर आता तेच करणार, बाकांच्या जागी एक थेंब सुपरग्लू देऊन.