भिंतीवरच्या रेघा आणि नदीचा आराखडा

2024च्या ऑगस्टात ऐन जन्माष्टमीला बडोद्यात पाणी चढायला लागलं आणि काळ्या घोड्याजवळच्या पुलाशी विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली. आजवा जलाशय काठोकाठ, वरून पाऊस थांबेना. आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीत तळमजल्यावरच्या काकूंना आम्ही खुर्चीसकट वर उचलून आणलं. लाइट गेलेली, मोबाइल बंद, पिण्याचं पाणी पातेल्यांत भरून ठेवलेलं. पाणी उतरलं तेव्हा प्रत्येक भिंतीवर गाळाची एक रेघ राहिली होती. दिवाळीच्या रंगकामात ती बहुतेकांनी पुसली. त्याआधी मी घरोघरी टेप घेऊन फिरले आणि जोत्यापासून रेघेपर्यंतची उंची वहीत लिहून घेतली. सर्वेअरनी आणलेले आकडे कागदावर चढवायचे, हीच माझी आयुष्यभराची नोकरी. आकडा समोर दिसत असताना तो न टिपणं मला जमत नाही.

ती वही मी परवा बागेच्या मीटिंगला घेऊन गेले होते.

आमच्या कोपऱ्यावरच्या बागेचं नूतनीकरण व्हायचंय. रहिवाशांची मतं हवीत म्हणून बोलावणं आलं. फ्लेक्सवर दोन रंगीत आराखडे लावलेले. एकात कारंजं आणि पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक, दुसऱ्यात ओपन जिम आणि सेल्फी पॉइंट. आम्हाला विचारलं, यातला कुठला आवडतो? माणसं उत्साहाने बोलली, आणि त्यात काही गैर नाही. बाकं पाठीची हवीत, मुतारी हवी, कुत्र्यांचा बंदोबस्त हवा. पण खुर्च्यांवर बसलेले आम्ही सगळे बंगले-फ्लॅटवाले, बहुतेक निवृत्त. मीटिंग सकाळी अकराला, म्हणजे घरकामाच्या बायका कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. दुपारी दोन घरांच्या मधल्या वेळात याच बायका बागेबाहेरच्या कडुलिंबाखाली डबा खातात, कारण बारा ते चार बागेला कुलूप असतं. बागेचा सगळ्यात जास्त उपयोग त्यांना होईल. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मागच्या चाळीतल्या मुलांनाही नाही.

मी उभी राहून वेगळंच विचारलं: बागेची लेव्हल किती ठेवणार? तरुण इंजिनिअरने सांगितलं की भरणी करून रस्त्याच्या वर दोन फूट घेणार, म्हणजे पाणी साचणार नाही. तेव्हा मी वही उघडली. आमच्या भागात बागेचीच जमीन सगळ्यात सखल आहे. पुरात पहिलं पाणी तिथे भरतं, मातीत मुरतं, आणि मागची चाळ थोडा वेळ तरी वाचते. बाग उचलली आणि वर फरशी घातली की ते पाणी कुठे जाणार? चाळीत. चाळीतल्या दारांवरच्या रेघा आधीच आमच्यापेक्षा जवळजवळ हातभर वर आहेत. इंजिनिअरने ऐकून घेतलं, वहीचा फोटोही काढला. मग म्हणाला, “बेन, लेव्हल तो ड्रॉइंगमां फिक्स थई गई छे.”

त्याच्यावर राग नाही. त्याला पाठवलंच होतं कारंजं की जिम एवढं विचारायला. माझं म्हणणं एवढंच की लोकांना विचारायचं असेल तर लेव्हल ठरवायच्या आधी विचारा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठल्या दारातून आधी शिरतं, हे नदीकाठच्या माणसाला जितकं ठाऊक असतं तितकं कुठल्याच कन्सल्टंटला नसतं. बाकाचा रंग शेवटी ठरवला तरी चालतो.

कोपऱ्यावरच्या बागेचं जे झालं तेच मोठ्या प्रमाणावर विश्वामित्रीचं व्हायला नको, म्हणून हे लिहिते आहे.

रिव्हरफ्रंट, म्हणजे नदीकाठाचं सुशोभीकरण, म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे अहमदाबाद येतं. साबरमतीला दोन्ही काठांनी भिंती बांधून पात्राची रुंदी सरसकट 263 मीटर केली आणि त्यात नर्मदेच्या कालव्याचं पाणी आणलं. विश्वामित्री त्या जातीची नदी नाही. ती पावागडच्या डोंगरातून निघते, शहरात शिरल्यावर नागमोडी वळणं घेते, दोन्ही बाजूंना खोल कोतरं, म्हणजे घळी, आहेत आणि शहरातल्या कांसांचं, म्हणजे नैसर्गिक नाल्यांचं, पाणी तिला येऊन मिळतं. उन्हाळ्यात बघाल तर बारीक धार, ऑगस्टात दोन सोसायट्या गिळणारी. तिची सगळी ताकद त्या कोतरांत आणि सखल जागांत आहे. तिथे ती पसरते, म्हणून खाली कमी चढते. भिंत घालून तिला सरळ केलं तर तेवढंच पाणी वर उठणार. नदीचा क्रॉस सेक्शन, म्हणजे आडवा छेद, काढणाऱ्या कुणालाही विचारा.

शिवाय मगरी. 2025च्या गणतीत शहराच्या पट्ट्यात चारशेहून अधिक मगरी मोजल्या गेल्या. भरवस्तीतून वाहणाऱ्या नदीत एवढ्या मगरी असलेलं दुसरं शहर मला माहीत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे तो. मादी उन्हाळ्याच्या तोंडाशी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, दोनेक महिन्यांनी पावसाच्या आधी पिल्लं बाहेर येतात. गाळ काढायला यंत्रं उतरतात तोही हाच काळ, कारण पावसाळ्याआधी काम उरकायचं असतं. कुठल्या वळणावर बिळं आहेत हे काठावर ढोरं चारणाऱ्याला पाठ असतं. खोदकामाच्या आधी त्याच्याबरोबर काठाने एक चक्कर मारायला काय हरकत आहे?

हे सगळं नवीन नाही. पर्यावरण कार्यकर्ते रोहित प्रजापती आणि इतरांनी विश्वामित्रीच्या आधीच्या रिव्हरफ्रंट प्रकल्पाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली होती आणि मे 2021मध्ये लवादाने नदी, तिची पूररेषा, कोतरं आणि जीवसृष्टी जपणारा कृती आराखडा करायला सांगितलं. म्हणजे काही नागरिकांना स्वतःचा वेळ आणि पैसा घालून कोर्टात जावं लागलं, तेव्हा कुठे त्यांचं ऐकलं गेलं. मग 2024चा पूर आला आणि 2025च्या उन्हाळ्यात पात्र रुंद आणि खोल करण्याचं काम झपाट्याने निघालं. पुराने पोळलेल्या माणसाला घाई हवीच असते, मलाही होती. पण घाईत आधी वगळलं जातं ते लोकांना विचारणं.

कायदाही इथे पुरेसा मदतीला येत नाही. 2006च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेने बांधकाम आणि क्षेत्रविकासाच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली. गुजरातच्या 1976च्या नगररचना कायद्यात टीपी स्कीमच्या (नगररचना योजनेच्या) मसुद्यावर हरकती-सूचनांसाठी महिनाभर मिळतो. पण ती नोटीस वाचून, प्लॉट नंबर शोधून अर्ज लिहिणारा कोण, तर ज्याच्या नावावर जमीन आहे तो. नदीकाठच्या परशुराम भठ्ठ्यासारख्या गरीब वस्तीत दर पुरात पहिलं पाणी शिरतं, आणि घर नावावर नसलेला माणूस त्या कागदात दिसतच नाही. 74व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या सांगितल्या त्याला तीन दशकं उलटली. मला अशी समिती आमच्या बागेत, संध्याकाळी सातला, सतरंजीवर बसलेली बघायची आहे.

आणखी एक गोष्ट लिहिताना हात जड होतो. 18 जानेवारी 2024ला हरणीच्या मोटनाथ तळ्यात सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. तेही तळं सुशोभित केलेलं, कुटुंबांनी संध्याकाळी जाण्याचं ठिकाण होतं. तेव्हापासून मी प्रत्येक आराखड्यापुढे विचारते, की उद्घाटनानंतर ही जागा रोज चालवणार कोण, आणि त्याच्यावर लक्ष ठेवणार कोण? चित्रात हे कधीच काढलेलं नसतं. सूचना देताना प्रत्येकाने ते विचारावं.

ज्यांना प्रश्न पडतो की पुराचं पाणी आत घेणारी बाग कशी असते, त्यांनी कमाटी बाग बघावी. सयाजीरावांनी 1879मध्ये वसवली, नदी तिच्या मधून वाहते, पूर आला की बाग पाण्यात जाते, आणि गाळ काढला की परत लोकांसाठी उघडते. त्यातली झाडं शंभर वर्षांहून जास्त काळ हे सोसत आली आहेत. आमच्या कोपऱ्यावर एवढी जागा नाही, पण मातीची पायवाट, मधे खोलगट हिरवळ आणि दुपारी उघडं फाटक एवढं नक्की जमेल. ते कारंज्यापेक्षा स्वस्तही पडेल.

सोमवारी मी वहीची प्रत आणि लेव्हलचा एक साधा नकाशा खंडेराव मार्केटला, महापालिकेच्या मुख्य कचेरीत, जाऊन आवक-जावकमध्ये देणार आहे, पोच घेऊन. सोबतच्या अर्जात मागणी एकच, की आलेल्या प्रत्येक सूचनेपुढे घेतली की नाही आणि नसेल तर का, हे गुजराती, मराठी, हिंदीत लिहून बागेच्या फाटकावर लावावं. दुपारी फाटक उघडं ठेवण्याबद्दल त्या बायकांनी आपापल्या सह्या दिल्या आहेत, त्याही जोडते.

कारेलीबाग, समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा, कुठेही राहत असाल आणि 2019ची किंवा 2024ची रेघ अजून शाबूत असेल, तर जोत्यापासूनची उंची आणि जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर मला कळवा. रंग दिला असेल तर कपाटाची मागची बाजू बघा, मीटरच्या पेटीवरचा गंज बघा, जिन्याखालची भिंत बघा; तिथे कुणी रंग लावत नाही. टेप नसेल तर रविवारी सकाळी मी येते. फक्त पुरानंतर जोतं उंच करून घेतलं असेल, तर किती घेतलं तेवढं आधी सांगा.