फुकटचा टँक

मे महिना अर्धा सरला, जाकिटं कपाटात गेली, की न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही दुपारच्या वेळी फोनवर ही जाहिरात येऊन पडते: जमिनीवर उभा राहणारा गोल स्विमिंग पूल, चोवीस फुटी, फुकट, स्वतः सोडवून न्या. पोरं कॉलेजला गेलेल्या कुणाच्या तरी परसात तो हिरवं पाणी घेऊन उभा असतो. 'फुकट' हा शब्द वाचला की आपलं बाकीचं वाचन तिथंच थांबतं. खरी किंमत 'सोडवून न्या' मध्ये आहे.

बघायला जाताना पैसे नकोत, स्क्रूड्रायव्हर हवा. स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारा डबा) खिडकीखाली, पत्र्याच्या सांध्यापाशी आणि तळाशी चार बोटं, या तीन जागी टोक दाबायचं. रंगाला फोड आलेला असेल तिथं हमखास दाबायचं. गॅस्केटमधून, म्हणजे भोकाभोवतीच्या रबरी पॅकिंगमधून, झिरपलेलं पाणी लायनरच्या, म्हणजे आतल्या व्हिनाइलच्या अस्तराच्या, मागून उतरतं, म्हणून गंज आतून सुरू होतो आणि बाहेर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. वरवरचा गंज घासून, रंग लावून भागतं. रुपयाएवढं भोक असेल तर आतून ॲल्युमिनियमचा तुकडा लावता येतो. पण सांध्यापाशी टोक आरपार गेलं, तर 'थँक यू' म्हणून गाडीत बसावं. खांबाला पोचे असले तरी चालतील. खांबांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या मात्र मोजून घ्याव्यात: त्या उन्हानं कुरकुरीत होतात आणि जुन्या मॉडेलच्या पुन्हा मिळत नाहीत.

असा टँक म्हणजे पंचाहत्तर फुटांची एकच पत्र्याची पट्टी, मिलिमीटरहूनही पातळ, दोन टोकं नटबोल्टांनी जोडलेली. आत चार फूट पाणी म्हणजे साधारण एक्कावन्न हजार लिटर, एक्कावन्न टन. पाणी सगळीकडून सारखं ढकलतं म्हणून पत्रा नुसता ताणला जातो आणि टिकतो. रिकामा असताना तो वाऱ्याच्या एका झुळकीनं दुमडतो, आणि एकदा पडलेली घडी जन्मभर जात नाही. म्हणून सोडवायचं ते वारा नसलेल्या सकाळी, चार माणसं घेऊन. आदल्या दिवशी बोल्टांवर तेल मारून ठेवायचं. पाणी उपसलं की लायनर कापून फेकायचा. तो जपून काढणारे भेटतात. त्यांनी जपावा खुशाल, पण कोरडं झालेलं व्हिनाइल आकसतं आणि पुन्हा ताणलं की फाटतं. वरच्या पट्ट्या, मग खांब, प्रत्येकावर मार्करनं आकडा. सांधा सगळ्यात शेवटी. पत्र्याची तीन फूट व्यासाची गुंडाळी करून दोरीनं बांधायची.

इकडे पोहण्यासाठी आधी टँक बांधायचा. तिकडे विहीर असायचीच, तयारी फक्त पोहणाऱ्याची. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा नाहीतर सुका भोपळा, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक कुणा काकाच्या हातात. डबा ठिबकायला लागला की काका वरून सांगायचे, "हात मार, हात मार!" मुटका मारला की थंड पाणी नाकातून थेट मेंदूत. तळाला काय आहे ते कुणी पाहिलेलं नसे. इथं लायनरच्या तळावर निळे दगडगोटे छापलेले असतात.

असो. खरं काम मातीचं आहे, आणि तिथंच लोक घाई करतात. टँकपेक्षा फूटभर मोठं वर्तुळ आखायचं, खणण्याआधी ८११ ला फोन (खालून गॅस आणि वीज गेलेली असते), गवत मुळासकट काढायचं. लव्हाळ्याच्या जातीचं गवत राहिलं तर त्याचा कोंब खालून लायनर भोसकून वर येतो. महापुरात वाचणारं ते, व्हिनाइलला काय जुमानतंय! मग पातळी. उंच भाग खणून खाली आणायचा, सखल भागात भर घालायची नाही. भर पाण्याच्या वजनानं दबते आणि टँक त्या अंगाला कलतो. सगळ्या घेरात फरक एका इंचाच्या आत हवा. लेसरचं यंत्र भाड्यानं मिळतं, पण आपल्या गवंड्याची पारदर्शक नळी तितकीच खरी. एक टोक मधल्या खुंटीला, दुसरं घेऊन गोल फिरायचं, नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही. प्रत्येक खांबाखाली एक फरशी, जमिनीच्या पातळीत बसवलेली.

पत्रा उभा करून सांधा जोडताना बोल्टची गुळगुळीत डोकी आतल्या बाजूला, त्यावर टेप. आत दोन इंच चाळलेली बारीक वाळू, म्हणजे जवळजवळ तीन घनयार्ड. पत्र्याच्या कडेनं आतून सहा ते आठ इंच वाळूचा बांध. फोमचे तयार तुकडे मिळतात, पण हातानं थापलेला बांध कोपऱ्यात जास्त नीट बसतो, असं आमचं मत. बांध नसेल तर लायनर पत्र्याच्या खालून बाहेर डोकावतो आणि एका रात्रीत फुटतो.

नवा लायनर, स्किमर आणि रिटर्नची (गाळलेलं पाणी परत आत येतं ते भोक) नवी गॅस्केटं, वाळू, टाउनशिपचं परमिट: फुकटच्या टँकला हजार डॉलर कधी लागतात कळतही नाही. लायनर वीस-पंचवीस अंशांच्या उबदार दिवशीच पसरायचा. स्किमरच्या खिडकीतून व्हॅक्यूमची नळी लायनरमागे घालून हवा ओढली की तो पत्र्याला चिकटतो. इंच-दीड इंच पाणी आलं की अनवाणी आत उतरून मधून कडेकडे पायानं सुरकुत्या सारायच्या. चार इंचांनंतर त्या हलत नाहीत. स्किमरचं भोक पाणी त्याच्या जरा खाली आल्यावरच कापायचं.

बागेच्या नळीनं भरायला एक अख्खा दिवस आणि वर तासभर लागतो. रात्री नळी चालू ठेवून झोपायला हरकत नाही. सकाळपर्यंत पाणी गुडघ्याच्या आसपास येतं. पण शिडी त्याच रात्रीपासून उचलून गॅरेजमध्ये ठेवायची, कुंपणाच्या दाराला कडी घालायची. लहान मूल बुडताना आवाज होत नाही. विहिरीवर कुंपण नव्हतं, पण दोराचं दुसरं टोक कुणाच्या तरी हातात असायचं.