पॅडची चड्डी आणि कोकणातला आषाढ

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळे जेमतेम २५ किलोमीटर आहे; पण त्या रस्त्याचे चढउतार आणि समुद्रावरून येणारी दमट हवा यांमुळे सायकलने तिथे पोहोचेपर्यंत अंगावरचा कपडा पिळून काढण्याइतका भिजलेला असतो. पहिले वर्ष मी सुती टी-शर्टवरच काढले. सूत घाम पिऊन धरून ठेवते, पॉलिएस्टर मात्र तो जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे कापडावर पसरलेला घाम वाऱ्याने लवकर उडतो; आणि एवढे काम पाचशे-सहाशे रुपयांची जर्सीही चोख करते. मित्राची कॅस्टेली या महागड्या इटालियन कंपनीची जर्सी मी एकदा मागून घातली होती. ती अंगाला फार सुरेख बसते आणि वाऱ्यात फडफडत नाही, हे खरे. परंतु हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि आरे-वारेच्या चढावर माझा वेग ताशी दहाच्या वर जात नाही, तेव्हा त्या सुरेखपणाचा मला उपयोग तो काय?

बैठकीच्या जागी पॅड शिवलेल्या सायकलच्या चड्डीची गोष्ट निराळी आहे. ऑनलाइन मागवलेल्या माझ्या पहिल्या स्वस्त चड्डीचा पॅड गादीसारखा जाड आणि मऊ होता, म्हणून मी खूश झालो होतो. तासाभरात तो फोम दबून पापडासारखा झाला, तिसऱ्या आठवड्यात आतली शिवण उसवली आणि पुढचे चार दिवस मी कचेरीत एका कुशीवर कलून बसलो. विकणाऱ्याने वापरलेला माल परत घेत नसल्याचे कळवले. पॅडची जाडी नव्हे तर फोमची घनता बघायची असते, बैठकीची हाडे जिथे टेकतात तिथे तो घट्ट आणि बाकी ठिकाणी पातळ हवा, आणि आत अंतर्वस्त्र घालायचे नसते, ही अक्कल मला त्यानंतर आली.

मग सगळ्यांत महाग तीच घ्यावी का? इथे आमचा पाऊस आडवा येतो. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आषाढात पडवीतल्या दांडीवर टाकलेला घट्ट फोमचा पॅड दोन दोन दिवस वाळत नाही; तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो. न्हाणीच्या चुलीशी धरावा, तर उष्णतेने लायक्राचा ताण जातो. म्हणून रोजच्या फेरीसाठी मी दोन-दोन हजारांच्या दोन मध्यम चड्ड्या आलटून पालटून वापरतो, आणि महागडी बिब शॉर्ट्स (खांद्यावरून पट्टे असलेली चड्डी) २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकलफेरीसाठी, राखून ठेवली आहे, कारण तिथे साडेतेरा तासांच्या मुदतीत उतरायचे असते आणि बसण्याला पर्याय नसतो.

पांढरी जर्सी मात्र, स्वस्त असो वा महाग, जांभ्या दगडाच्या या मुलखात घेऊ नये. मागच्या चाकाने उडवलेला तांबड्या चिखलाचा पट्टा माझ्या जर्सीच्या पाठीवर गेली दोन वर्षे तसाच आहे.