बुडालेल्या बँकेची मालमत्ता विकताना: माझा अनुभव

लिलाव अर्ध्या तासात उरकतो. त्याआधीची दीड-दोन वर्षं आणि नंतरचे काही महिने कागदांत जातात, आणि भाव येतो तोही कागदांनाच. एका नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाल्यावर अवसायकाच्या, म्हणजे बुडालेल्या संस्थेचा कारभार गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात वसुली आणि विक्रीचं टेबल माझ्याकडे होतं. या कामात नव्यानं पडणाऱ्यांना, आणि अशा लिलावात बोली लावू पाहणाऱ्यांनाही, आतून हे कसं चालतं ते कळावं म्हणून लिहितोय.

क्रम असा. रिझर्व्ह बँक परवाना रद्द करते आणि सहकार निबंधकांना अवसायनाचा आदेश काढायला सांगते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ११०अ खाली तो आदेश निघतो आणि अवसायक नेमला जातो. मालमत्ता विकण्याचे, दावे तपासण्याचे अधिकार त्याला कलम १०५ ने मिळतात. यातली रिझर्व्ह बँक आणि कलम ११०अ हे बँकेपुरतं. पतसंस्थेलाही अवसायक येतो, पण तिच्या ठेवींना डीआयसीजीसीचं (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचं) विमा संरक्षण नसतं, हा फरक ठेवीदारांना बहुतेक वेळा संस्था बुडाल्यावर कळतो.

पहिल्या आठवड्यात विकायचं काहीच नसतं, फक्त ताब्यात घ्यायचं असतं. रोकड मोजून पंचनामा, स्ट्राँगरूमच्या दोन्ही किल्ल्या, आणि त्यांच्या जादा किल्ल्या. या जादा किल्ल्या बहुतेकदा दुसऱ्या बँकेत सीलबंद पाकिटात ठेवलेल्या असतात आणि ती पावती कुठे आहे हे फक्त जुन्या शाखाधिकाऱ्याला माहीत असतं. त्याला आधी गाठा. त्याहून घाईचं काम म्हणजे कोअर बँकिंगचा सर्व्हर. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचं बिल थकलेलं असतं आणि त्यानं सेवा बंद केली की कर्जखात्यांचे उतारे निघत नाहीत. उतारा नाही तर वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्यासाठी निबंधकांकडून मिळणारा दाखला) नाही, दाखला नाही तर जप्ती नाही. पूर्ण बॅकअप दोन ठिकाणी घ्या आणि तो उघडतो का ते दुसऱ्या मशीनवर तपासून बघा.

याच काळात ठेवीदारांची यादी करायची असते. अवसायकानं कामाचा ताबा घेतल्यापासून तीन महिन्यांत ती डीआयसीजीसीकडे जायला हवी, म्हणजे पुढच्या दोन महिन्यांत विम्याचे पैसे येतात. मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. त्याआधी ती एक लाख होती. उरलेल्या चार-पाच कर्मचाऱ्यांवर यादीही येते आणि विक्रीची तयारीही. यादी आधी. पण कर्जाच्या फायली तोवर एका खोलीत, एका माणसाच्या कुलपाखाली ठेवा. गहाणखताची मूळ प्रत गहाळ होते ती याच गर्दीत.

विक्रीला सोपं ते आधी निघतं: सरकारी कर्जरोखे, दुसऱ्या बँकांतल्या ठेवी. जिल्हा बँकेचे आणि फेडरेशनचे शेअर्स मात्र ताळेबंदात ऐटीत बसलेले असतात आणि परत मागायला गेलं की पत्रव्यवहार सुरू होतो. ते वर्षभरात येतील असं धरून चालू नका.

मग डेडस्टॉक, म्हणजे फर्निचर, तिजोऱ्या, संगणक असं शाखेतलं सामान. रजिस्टरमध्ये जी किंमत लिहिलेली असते तिचा आणि जुन्या बाजारातल्या भावाचा काही संबंध नसतो. भिंतीत बसवलेली काउंटरं, काचेच्या केबिन, पडदे यांचे पैसे शून्य धरा, उलट काढायची मजुरी द्यावी लागते. तिजोऱ्यांना गिऱ्हाईक मिळतं, कारण छोट्या पतसंस्था आणि सराफ जुनी चांगल्या कंपनीची तिजोरी घेतात. पण किल्ल्या दोन्ही असल्या तरच. एक किल्ली हरवली की तीच तिजोरी भंगाराच्या भावानं जाते. स्ट्राँगरूमचा दरवाजा टनाच्या वर भरतो. तो काढायला भिंत फोडावी लागते, आणि जागा भाड्याची असेल तर ती भिंत पुन्हा बांधून देण्याचा खर्च मालक अनामतीतून कापतो. दरवाजाची बोली त्या खर्चाहून कमी येत असेल तर मालकालाच तो दरवाजा अनामतीच्या हिशेबात धरायला सांगा, बरेच जण तयार होतात.

संगणक विकायच्या आधी हार्ड डिस्क काढून घ्यायच्या, सीसीटीव्हीच्या यंत्रातलीसुद्धा. आणि कागद रद्दीत घालायचा नाही, कितीही जागा अडवत असला तरी. संचालकांवर कलम ८८ ची, म्हणजे बँकेच्या नुकसानीची जबाबदारी ठरवण्याची, चौकशी चालू असते आणि तिचा पुरावा त्याच पोत्यांमध्ये असतो.

लॉकर हे वेगळं दुखणं. कपाट बँकेचं, आतला माल ग्राहकाचा. शेवटचा लॉकर रिकामा होईपर्यंत कपाट विकता येत नाही, कपाट हलत नाही तोवर शाखा सोडता येत नाही, आणि भाडं चढत राहतं. पत्रं, वर्तमानपत्रात सूचना, तरीही न आलेल्यांचे लॉकर पंचांसमोर आणि चित्रीकरण करून फोडायचे, वस्तूंची यादी करायची आणि सीलबंद करून एकाच ठिकाणी ठेवायच्या. हे काम पहिल्याच महिन्यात हाती घ्या. आम्ही उशिरा घेतलं आणि काही शाखांचं भाडं उगाच भरत बसलो.

सोनेतारणात पैसा लवकर येतो, कारण बहुतेक कर्जदार नोटीस मिळताच दागिने सोडवून नेतात. उरलेल्या पाकिटांचा लिलाव. इथे नजर पाहिजे ती वजनावर आणि कसावर. पाकिटावर २४.६०० ग्रॅम लिहिलेलं असतं. उघडल्यावर मोती, लाख, दोरा मिळून ३.८५० निघतात आणि निव्वळ २०.७५० उरतं. कर्ज देताना २२ कॅरेट धरलेलं आणि तपासणीत २० निघालं, तर शुद्ध सोनं १९.०२ ऐवजी १७.२९ ग्रॅम. एका पाकिटात पावणेदोन ग्रॅमची तूट, अशी शेकडो पाकिटं. कसोटीचा दगड वरचा थर सांगतो. जाड मुलाम्याचा दागिना त्यावर पास होतो. म्हणून कर्ज देतानाचा व्हॅल्यूअर पुन्हा बोलावू नका, बाहेरचा सराफ घ्या आणि मशीनवर तपासा. खोटं निघालेलं पाकीट लिलावातून बाजूला काढून, पंचनामा करून सीलबंद ठेवायचं, तो फौजदारी पुरावा आहे. कर्ज, व्याज आणि खर्च वजा जाऊन वर उरलेली रक्कम कर्जदाराची असते. ती देण्यासाठी वेगळं खातं ठेवा, नाहीतर वर्षभरानं हिशेब जुळत नाही.

आता खरी रक्कम जिथे अडकलेली असते ते, म्हणजे गहाण जमिनी, सदनिका, गाळे. आमचा मुख्य रस्ता कलम १०१ चा वसुली दाखला आणि मग कलम १५६ व १९६१ च्या नियमांतला नियम १०७, जप्ती आणि लिलाव त्यानुसार होतात. सरफेसी कायदा (कोर्टात न जाता बँकेला तारण विकू देणारा) सहकारी बँकांना लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे, पण शेतजमीन त्या कायद्यात बसत नाही. ग्रामीण शाखांचं तारण निम्म्याहून जास्त शेतीच असेल तर नियम १०७ ला पर्याय नाही.

दाखल्यात पहिली चूक होते ती मयताची. कर्जदार वारलेला असतो, कुणी वारसांची नोंद केलेली नसते, आणि दाखला मयताच्या नावानं निघतो. पुढची सगळी कारवाई त्या एका नावावर कोसळते. अर्ज करण्यापूर्वी कर्जदार आणि प्रत्येक जामीनदार हयात आहे का हे गावात माणूस पाठवून विचारा. फोनवर विश्वास नको. दाखला नीट असेल तर पुढे बळ मिळतं, कारण त्याविरुद्ध पुनरीक्षणाला (वरिष्ठांकडे फेरतपासणीला) जायचं तर कर्जदाराला ५० टक्के रक्कम भरावी लागते.

दाखल्यानंतर मागणी नोटीस, मग जप्ती, ताबा घेतल्याची नमुना झेडमधली नोटीस. मूल्यांकन झालं की अपसेट किंमत (बोलीची किमान किंमत) ठरवून उपनिबंधकांची मंजुरी. ही मंजुरी येईपर्यंत मूल्यांकन जुनं होऊ देऊ नका, नाहीतर प्रस्ताव परत येतो.

मंजुरी आली की विक्रीची जाहीर नोटीस. लिलावाच्या किमान ३० दिवस आधी ती वसुली अधिकाऱ्याच्या आणि तालुक्याच्या कार्यालयात लागली पाहिजे, आणि गावात दवंडी. दवंडी आता कोण ऐकतं, असं म्हणून ती टाळू नका. नियमात आहे, आणि ती पिटल्याचा पंचनामा फाइलमध्ये नसेल तर विरुद्ध बाजूचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. ३० दिवस मोजताना नोटीस लागल्याचा दिवस धरू नका. आम्ही ३५ ठेवायचो.

जाहिरातीचं प्रूफ सातबाऱ्याशेजारी ठेवून वाचा. गट क्रमांक ११४/२ चा ११४/१२ छापला गेला तर शुद्धिपत्रक देऊन भागत नाही. नवी नोटीस, नवे ३० दिवस, आणि तोवर खरेदीदार दुसरीकडे वळलेला. चतुःसीमा गहाणखतातून जशाच्या तशा उतरवल्या जातात ही दुसरी खोड. गहाणखत पंधरा वर्षांपूर्वीचं, तेव्हा पूर्वेला 'मोकळी जागा' होती, आता तिथे तीन मजली इमारत. जागेवर जाऊन सीमा लिहा आणि दोन्ही द्या.

सातबाऱ्याचा 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. कुळ, सोसायटीचा बोजा, बहिणींची नावं, सगळं तिथे असतं. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा प्रश्न येतो. शेतजमिनीला आणखी एक: कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. बोलीच्या अर्जासोबतच शेतकरी असल्याचा पुरावा मागा. पैसे भरून झाल्यावर मागितलात तर एक लिलाव फुकट गेलाच.

बोली लावणाऱ्यांनी पैशाचं वेळापत्रक पक्कं समजून घ्यावं. समजा अपसेट किंमत ४२ लाख आणि बोली ४३ लाख १० हजारांवर थांबली. त्याच ठिकाणी १५ टक्के, म्हणजे ६,४६,५०० भरायचे. उरलेले ३६,६३,५०० आणि विक्री दाखल्याच्या मुद्रांकाची रक्कम १५ दिवसांत. गृहकर्ज काढून भरू, असं म्हणणाऱ्यांची अनामत इथेच जाते, कारण पंधरा दिवसांत बँकेचा सर्च रिपोर्टसुद्धा होत नाही. ५० लाख किंवा त्यावरच्या मिळकतीत एक टक्का आयकर कपात असते; ती कुणाच्या पॅनवर हे लिलावाआधी लेखी ठरवा.

पैसे भरले तरी मिळकत लगेच मिळत नाही. विक्रीपासून ३० दिवसांत मालकाला थकबाकी, खर्च आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के (वरच्या उदाहरणात २,१५,५००) भरून विक्री रद्द करून घेता येते. कारवाईत मोठी अनियमितता किंवा फसवणूक झाली असं म्हणून अर्ज करायलाही तेवढीच मुदत. या तीस दिवसांत कर्जदार अचानक जागा होतो, नातेवाईक पैसे गोळा करतात, एकरकमी परतफेडीचा प्रस्ताव येतो. आमच्या दृष्टीनं ते वाईट नाही. पैसे लिलावाइतके येत असतील तर परतफेडच बरी, कारण ताब्याचं भांडण टळतं. अर्ज आला नाही तर विक्री कायम करण्याचा आदेश आणि मग विक्री दाखला.

'जशी आहे तशी, जिथे आहे तिथे' या ओळीत खरेदीदाराचं बरंच काही अडकलेलं असतं: गृहनिर्माण संस्थेचा थकलेला मेंटेनन्स, घरपट्टी, वीजबिल. जुन्या मालकाचं वीजबिल नव्या जोडणीच्या वेळी मागता येतं असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे. हे आकडे आधी काढून नोटिशीत छापले तर बोली थोडी कमी येते हे खरं, पण टिकते. लपवले तर खरेदीदार अर्ध्यावर पाय काढतो.

बँकेच्या मालकीच्या शाखा विकताना मला वाटलं होतं की हे सोपं जाईल, आपलीच तर मालमत्ता. पण मिळकत पत्रिकेवर बँक होण्यापूर्वीच्या पतपेढीचं नाव, एका गाळ्याचं खरेदीखत नोंदवलेलंच नाही, तिसऱ्याचा ओटा पालिकेच्या जागेत. नावं दुरुस्त करायला लागणारे महिने विक्रीच्या वेळापत्रकात धरा.

आलेल्या पैशांतून अवसायनाचा खर्च वजा जाता आधी डीआयसीजीसीची परतफेड, कारण विम्याचे पैसे तिनं दिलेले असतात. पाच लाखांवरच्या ठेवीदारांचा नंबर त्यानंतर. त्यांना हे पहिल्या भेटीतच सांगा. लिलाव झाला की दुसऱ्या दिवशी दारात रांग लागते आणि तेव्हा समजावणं अवघड जातं.

अवसायन सहा वर्षांत संपवायचं असतं, पुढे एकेका वर्षाची वाढ मागावी लागते. म्हणून शेवटच्या वर्षात एक काम राहू देऊ नका. कर्ज फिटलेल्या प्रत्येकाला आणि प्रत्येक खरेदीदाराला सातबाऱ्यावरचा आपल्या बँकेचा बोजा कमी करण्याचं तलाठ्याच्या नावचं पत्र, मूळ गहाण कागद आणि येणे-बाकी नसल्याचा दाखला देऊन टाका, न मागता. लोक पाच वर्षांनी जमीन विकायला काढतात आणि तेव्हा बोजा दिसतो. बँकेचा शिक्का तोवर निबंधक कार्यालयाच्या कपाटात गेलेला असतो आणि सही करायला कुणी नसतं.