तामागोयाकी: गुंडाळीपेक्षा तेल महत्त्वाचं

टोकियोत राहायला आल्यावर बरेच दिवस मी तामागोयाकीच्या, म्हणजे थरावर थर गुंडाळून केलेल्या जपानी ऑम्लेटच्या, वाटेला गेले नव्हते. कांदा-मिरची-कोथिंबिरीच्या ऑम्लेटवर वाढलेल्या जिभेला गोड अंडं कसं रुचणार? टोकियोकडच्या पद्धतीत साखर हात सैल सोडून घालतात. मत बदललं ते क्योतोच्या निशिकी बाजारात. तिथली दाशिमाकी, म्हणजे दाशी (समुद्री शेवाळ आणि सुक्या माशाचं पातळ सार) घातलेली तामागोयाकी, फिकट पिवळी, गोडवा नावालाच आणि घास घेतला की आतून दाशीचा रस सुटतो. मग घरी करायची तर हीच, असं ठरवलं.

तव्यासाठी कप्पाबाशीला गेले. उएनो आणि असाकुसाच्या मधली ही भांड्याकुंड्यांची बाजारपेठ. तिथे तांब्याचे चौकोनी तवे, आतून चक्क कल्हई केलेले! पण कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला की कल्हई गेली. शिवाय किंमत. मी मुकाट्याने नॉनस्टिकचा घेतला, 13 बाय 18 सेंटीमीटरचा. तीन अंड्यांना पुरतो.

दाशीला कोंबूची (सुकवलेल्या समुद्री शेवाळाची) पट्टी पाण्यात भिजवून मंद आचेवर ठेवायची आणि उकळी फुटायच्या आत काढायची, नाहीतर पाणी बुळबुळीत होतं. मग कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाचा कीस, घालून लगेच गॅस बंद. तो तळाशी बसला की गाळायचं. मासा नको असेल तर सुके शिताके मशरूम भिजवलेलं पाणी चालतं. तीन अंड्यांना 45 मिली गार दाशी, छोटा चमचा मिरिन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोडसर दारू), अर्धा चमचा फिक्या रंगाचा सोया सॉस. रंगावर जाऊ नका, हा गडद सॉसपेक्षा खारट असतो. अंडी फेटायची नाहीत, फेस नको. चॉपस्टिक तळाला टेकवून बलक-पांढरं मोडायचं आणि गाळून घ्यायचं.

खरी गंमत तेलात आहे. घावनाच्या तव्यावर आपण अर्धा कांदा फिरवतो, तशी इथे तेलात बुडवलेली टिश्यूची घडी, दर थराआधी, कोपऱ्यांतूनसुद्धा. चॉपस्टिकच्या टोकाने अंड्याचा थेंब टाकला की चर्र व्हायला हवं. आच मध्यम. मंद ठेवली तर अंडं चिकटतं, हे मला उलटंच वाटायचं. पातळ थर ओतायचा, फुगे टोचायचे, आणि वरचा भाग ओला असतानाच गुंडाळायचं. पूर्ण सुकला तर पुढचा थर धरत नाही. मग गुंडाळी एका कडेला सरकवून तेल, पुन्हा अंडं, आणि गुंडाळी उचलून ते तिच्याखाली वाहू द्यायचं. ही उचलण्याची पायरी गाळली तर कापताना थर सुटे होतात. पहिला थर फाटला तरी बिघडत नाही, तो आतच जातो.

गरम असतानाच बांबूच्या चटईत लपेटून पाच मिनिटं ठेवली की आकार येतो. सोबत किसलेला जपानी मुळा, वर दोन थेंब सोया सॉस.

डब्यासाठी मात्र ही पाणी सोडते. तेव्हा दाशी निम्मी करून तिच्यात पाव चमचा बटाट्याचा स्टार्च कालवायचा. किंवा सरळ साखरेचीच करायची. मुलं तीच आधी संपवतात.