एक्कावन्नावं राज्य आणि आमचं विंडसर

"मग काय, बसल्या जागी अमेरिकन झालास म्हणायचं!" वर्षभर सांगलीहून येणाऱ्या प्रत्येक फोनात मामांचं हे वाक्य ठरलेलं. त्यांचंही बरोबर आहे. आमचा आतेभाऊ टेक्सासमध्ये ग्रीन कार्डाच्या रांगेत म्हातारा व्हायला आला, आणि इकडे अख्खा कॅनडाच अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य व्हावा असं ट्रम्प म्हणायला लागल्यावर भाच्याचं नशीब फळफळलंच की!

इथे मात्र या विनोदावर कुणी हसत नाही. सुरुवातीला हसले होते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांनी आमच्या तेव्हाच्या पंतप्रधानांना, जस्टिन ट्रूडोंना, 'गव्हर्नर' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी ते थट्टेवारीच नेलं. मग ७ जानेवारीच्या पत्रकार परिषदेत कुणीतरी विचारलं, कॅनडा घ्यायला सैन्य वापरणार का? ट्रम्प म्हणाले, नाही, आर्थिक ताकद. त्या दिवशी आमच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवायच्या कारखान्यात, रेडिओ चालू होता. कुणी काही बोललं नाही, पण जेवणाच्या सुट्टीत पत्त्यांचा डाव काही लागला नाही.

विंडसर कुठे आहे ते आधी सांगतो, म्हणजे हे सगळं डोळ्यांसमोर येईल. डेट्रॉईट नदीच्या एका काठावर आम्ही, दुसऱ्या काठावर डेट्रॉईट. गंमत म्हणजे इथे अमेरिका उत्तरेला आहे आणि कॅनडा दक्षिणेला. नवीन माणसाला पटवून द्यायला नकाशाच काढावा लागतो. मध्ये १९२९ सालचा अँबॅसेडर ब्रिज. दोन्ही देशांमधल्या व्यापाराचा साधारण चौथा हिस्सा या एकाच पुलावरून जातो. आमच्या नर्सबाई शेजारीण रोज पल्याडच्या हॉस्पिटलात कामाला जातात. आम्ही गणपतीला, वाणसामानाला, कधी नुसत्या डोशाला पल्याडच्या ट्रॉय नाहीतर नोव्हीला जायचो. परदेशात चाललोय असं कधी वाटायचंच नाही.

आर्थिक ताकद म्हणजे नेमकं काय, ते मार्चमध्ये कळलं. ४ मार्च २०२५ ला कॅनडाच्या बहुतेक मालावर २५ टक्के शुल्क लागलं, तेल-विजेवर १० टक्के. कारण दिलं फेंटानिल या अमली पदार्थाच्या तस्करीचं. आदल्या वर्षभरात अमेरिकेच्या उत्तर सीमेवर पकडलेलं फेंटानिल होतं ४३ पौंड, म्हणजे जेमतेम वीस किलो. देशभरात पकडलेल्या साठ्याच्या मानाने चिमूटभर. दोनच दिवसांनी फतवा निघाला की अमेरिका, कॅनडा, मेक्सिको या तिन्ही देशांच्या व्यापार करारात बसणाऱ्या मालाला सूट. मग १२ मार्चला स्टील-ॲल्युमिनियम, ३ एप्रिलला गाड्या, जूनमध्ये स्टीलवरचं शुल्क दुप्पट करून ५० टक्के, ऑगस्टमध्ये करारात न बसणाऱ्या मालावर ३५ टक्के. आकडे पाठ करायची गरज नाही. यातला कुठलाही आकडा एक महिना तरी टिकेल, यावर पैज लावायला कुणी तयार नव्हतं, एवढं लक्षात घ्या. माझ्या मते शुल्कापेक्षा जास्त नुकसान या टांगणीने केलं.

आमच्याकडे गाड्यांच्या प्लास्टिकच्या भागांसाठी मोल्ड, म्हणजे साचे, बनतात: बंपर, डॅशबोर्ड, दिव्यांची काचपट्टी. मिशिगनचं गिऱ्हाईक मोल्डची ऑर्डर देतं, ट्रायलमध्ये काही निघालं तर मोल्ड परत येतो, दुरुस्त होऊन पुन्हा जातो. शुल्कातून सूट हवी तर माल करारातल्या देशांतलाच आहे हे सिद्ध करा. मग आमचे मालक आणि ऑफिसातली एक बाई फायलींचे गठ्ठे घेऊन बसले: हा स्टीलचा ठोकळा कुठल्या गिरणीतला, हॉट रनर (वितळलेलं प्लास्टिक साच्यात नेणारा भाग) कुठून आला, स्प्रिंगा कुणाच्या. डिझाइनवाला मी, पण दोन आठवडे पुरवठादारांना फोन लावत होतो. एप्रिलमध्ये गावातला मिनीव्हॅनचा मोठा कारखाना दोन आठवडे बंद ठेवला, तेव्हा आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या घरांपुढे भरदुपारी गाड्या उभ्या दिसायच्या.

लोकांनी उत्तर दिलं ते आपापल्या परीने. सरकारी दारूच्या दुकानांनी अमेरिकन माल काढून टाकला. केंटकीच्या बुरबॉन व्हिस्कीचं अख्खं शेल्फ रिकामं मी स्वतः पाहिलं. वाणसामानाच्या दुकानात आज्या चष्मा कपाळावर चढवून संत्र्यांचे स्टिकर वाचू लागल्या. फ्लोरिडाचं असेल तर परत टोपलीत, मोरोक्कोचं चालेल. आणि सगळीकडे एकच घोषणा: 'एल्बोज अप', कोपर वर! आइस हॉकीतला हा शब्द, गॉर्डी हाऊ नावाच्या दिग्गजाच्या कोपरांवरून आलेला. गडी कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताचा, पण कारकिर्दीतला बहुतेक काळ गाजवला डेट्रॉईटच्या संघाकडून. आणि विंडसर-डेट्रॉईटमध्ये कॅनडाने स्वतःच्या पैशाने जो नवा पूल बांधलाय, त्यालाही नाव त्याचंच.

निवडणुकीत तर चमत्कार झाला. जानेवारीत वीस-एक टक्क्यांनी मागे असलेला ट्रूडोंचा लिबरल पक्ष त्यांच्या जागी मार्क कार्नींना पुढे करून २८ एप्रिलला ३४३ पैकी १६९ जागा घेऊन गेला. पण विंडसरच्या दोन्ही जागा मात्र विरोधी कॉन्झर्व्हेटिव्हांकडे गेल्या. त्यातली एक तर फेरमोजणीत ४ मतांनी! देश ट्रम्पवर चिडला होता, कामगार मात्र सगळ्यांवरच.

इथल्या म्हाताऱ्या माणसांना यात नवल वाटत नाही. गावात फ्रांस्वा बॅबी हाऊस नावाचं जुनं घर आहे, आता संग्रहालय झालंय. १२ जुलै १८१२ ला अमेरिकन जनरल विल्यम हल नदी ओलांडून आला तो इथेच उतरला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मॅडिसन. हलने जाहीरनामा काढला की तुम्हाला जुलमातून सोडवायला आलोय. पाच आठवड्यांत इंग्रज सेनापती ब्रॉक आणि शॉनी या मूलनिवासी जमातीचा नेता टेकम्से यांनी उलट डेट्रॉईटलाच वेढा घातला, आणि हल धड न लढता शरण गेला. पुढे १९११ मध्ये अमेरिकेशी व्यापार खुला करायचा करार झाला, तर चॅम्प क्लार्क नावाचे अमेरिकी पुढारी बोलून गेले की उत्तर ध्रुवापर्यंत आपला झेंडा फडकावा. कॅनेडियन लोकांनी करार करणाऱ्या पंतप्रधान लोरिएंना निवडणुकीत घरी बसवलं. म्हणजे ट्रम्प गेले की सगळं पूर्ववत, असं आतेभाऊ म्हणतो ते मला काही पटत नाही.

मला स्वतःला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. भारतात वाढलो म्हणजे मोठ्या शेजाऱ्याच्या घरात वाढलो. २०१५ मध्ये नेपाळच्या सीमेवर ट्रक अडकले, काठमांडूत गॅस-पेट्रोलचे हाल झाले. भारत सरकार म्हणत होतं, नाकेबंदी नाही, तिथल्या तराईत राहणाऱ्या मधेशी लोकांचं आंदोलन आहे. नेपाळी लोक म्हणत होते, हात दिल्लीचाच. मी तेव्हा भोसरीत होतो. आमच्या चहाच्या टपरीवर ती बातमी दोन मिनिटं टिकली नाही. आता इथे सीएनसी यंत्रावर माझ्याबरोबर एक नेपाळी मुलगा आहे. मार्चमध्ये पुलावरच्या ट्रकांचं बोलणं निघालं, तर हिंदीत हळूच म्हणाला, "अब समझे, दादा?" मी चहा पाजला, दुसरं काय करणार!

चाकण-भोसरीच्या टूलरूममधली काही पोरं मेसेज करून विचारतात, मोल्ड डिझाइनला विंडसरला येऊ का. खरं सांगतो: व्यापार कराराची फेरतपासणी जुलै २०२६ मध्ये ठरली होती, आणि तिच्या धास्तीने इथल्या मालकांनी नवीन माणूस घ्यायला हात आखडता घेतला. त्याआधी ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑन्टारियोच्या, म्हणजे आमच्या प्रांताच्या, एका टीव्ही जाहिरातीवरून ट्रम्प यांनी कॅनडाशी व्यापाराची बोलणीच थांबवली होती. कागदपत्रं, इंग्रजीची परीक्षा, अनुभवाचे दाखले तयार ठेवा. आणि मुलाखतीत गिऱ्हाईक कुठल्या देशातली आहेत हे विचारायला लाजू नका. आजकाल मालकही पगाराआधी तेच सांगतात.